साक्ष मागे घेता येत नाही

१

कान तपासण्याच्या दवाखान्यात मागच्या बाजूला एक आवाजबंद खोली होती. खोली कसली, कपाटापेक्षा जरा मोठी, इतकंच. भिंतींना राखाडी स्पंज, दाराला रबराची जाड कड आणि एका बाजूला दुहेरी काचेची खिडकी. धाकटी तिथे नोकरीला होती. रुग्णाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. मग दार लावून काचेबाहेर यंत्रापाशी बसायचं आणि एकेक सूर सोडत जायचं.

दोन वर्षांत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. आवाज नसतानाही माणसं बटण दाबतात. लबाडीने नव्हे. बिचारी जीव कानात आणून बसलेली असतात, काचेपलीकडून कुणीतरी बघत असतं, आपण नापास होऊ नये असं वाटत असतं, आणि मग त्या शांततेतून त्यांना खरोखरच काहीतरी ऐकू येतं. दवाखान्यातले लोक याला 'पोकळ बटण' म्हणत आणि हसत. धाकटी हसायची नाही. तीही त्यातलीच होती. कुणी "कळलं ना?" असं विचारलं की काही न कळताही तिची मान हलून जायची.

भित्रीही होती. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही दर शिट्टीला दचकायची. मागून कुणी हाक मारली की हातातलं खाली पडलंच म्हणून समजा. आईवडील ती नऊ वर्षांची असतानाच गेले. तेव्हापासून दहा वर्षांनी मोठ्या ताईनेच तिला वाढवलं. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघींचा संसार होता आणि तो घड्याळावर चालायचा. पाचला धाकटी घरी. साडेपाचला ताई. ताई आली की पर्स खुर्चीवर टाकायची, तशीच स्वयंपाकघरात जायची, मोरीशी उभ्या उभ्या ग्लासभर पाणी घटाघटा प्यायची आणि रिकामा ग्लास कट्ट्यावर पालथा घालायची. तो टक्क असा आवाज झाला की आतल्या खोलीत धाकटीचा जीव भांड्यात पडायचा. ताई आली. आता काही होत नाही.

अशा मुलीने भुताखेतांची मालिका बघायला नको होती, हे ताई तिला शंभरदा सांगून थकली होती.

२

मालिकेचं नाव 'पोटभाडेकरू'. तीन पर्व झाली आणि मध्येच बंद पडली. तिच्यात उलट्या पायांची बाई नव्हती की मोकळे केस नव्हते. एका साध्या घरातलं एक माणूस बदलायचं, एवढंच. चेहरा तोच, आवाज तोच, सवयी त्याच. पण आतलं माणूस दुसरं. घरच्यांना पत्ता नसायचा. हे आतले कोण, कुठून येतात, मूळ माणसाचं काय होतं, यातलं मालिकेने काहीच सांगितलं नाही. त्यामुळे सांगायचं काम चाहत्यांवर आलं.

चाहते एकोणीस उरले होते. फोनवर त्यांचा एक गट होता. रोज तिथे लिखापढी चालायची आणि दर रविवारी दुपारी तीनला सगळे फोनवर एकत्र येऊन बोलायचे. ती बैठक. खरी नावं कुणी कुणाला विचारायचं नाही. गट चालवणारा मामलेदार. तो बाहेरच्या जगात काय करायचा कोण जाणे, पण बोलायचा मात्र शिक्का मारल्यासारखा. बोका म्हणून एक औषधविक्रेता होता, त्याच्या जिभेला हाड नव्हतं. मावशी म्हणून एक निवृत्त नर्स होती, ती सगळ्यांची समजूत काढायची. धाकटीने स्वतःचं नाव 'घाबरट' ठेवलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत आपणच ठेवलेलं बरं.

या गटाची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. भाडेकरूंबद्दलची कुठलीही गोष्ट खरी मानायची तर आधी एकाने साक्ष द्यायची: कुठला भाग, कुठली खोली, काय दिसलं. मग दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं, "मीही पाहिलंय." दोन साक्षी झाल्या, वर मतदान झालं, की मामलेदार तो नियम कायद्यात चढवायचा. एकदा चढला की चढला. सात वर्षांत चारच नियम झाले होते. एका घरात भाडेकरू एकच असतो. भाडेकरूला आपण भाडेकरू आहोत हे ठाऊक नसतं. भाडेकरूची साक्ष ग्राह्य नाही. मूळ माणूस मरत नाही.

त्या आठवड्यात वाद पेटला होता तो ओळखीवरून. बोक्याचं म्हणणं, भाडेकरू ओळखताच येत नाही, सगळी गंमत त्यातच आहे. धाकटीला ते सहन होईना. घरचं माणूस बदललं तर घरच्याला कळणारच, असं तिने लिहिलं. इतकीशी का होईना, एखादी गोष्ट चुकतेच. बोक्याने लिहिलं, कुठल्या भागात चुकली ते दाखव. तिने एक उदाहरण दिलं, त्याने ते खोडलं; दुसरं दिलं, तेही खोडलं. तिसऱ्या वेळी त्याने लिहिलं, "घाबरट, मनाची समजूत घालायला आलीस का इथे? पुरावा आण, नाहीतर पाणी पिऊन झोप." त्यावर अकरा जणांनी हसण्याची चित्रं टाकली.

धाकटी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत होती. दुसऱ्या पर्वाचा नववा भाग एकदाच दाखवला गेला होता आणि नंतर त्याची प्रत कुठेच सापडली नव्हती. तो पाहिल्याचं गटातले पाचसहाच जण सांगत. धाकटीने तो पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी ती परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. पण बोटं फोनवर होती आणि पाणी पिऊन झोप हे शब्द डोळ्यांपुढे होते. तिने लिहिलं:

"दुसरं पर्व, भाग नववा. मोठी बहीण कामावरून येते. एरवी ती मोरीशी उभी राहून पाणी पिते आणि ग्लास पालथा घालते. त्या दिवशी ती खुर्चीवर बसून पिते आणि ग्लास सुलटा ठेवते. धाकट्या बहिणीला तिथेच कळतं."

लिहून झाल्यावर तिने फोन पालथा ठेवला. पण दुसरी साक्ष कोण देणार? जे नव्हतंच ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं असणार नाही. जास्तीत जास्त काय, आणखी थोडं हसतील.

३

तिचा दुपारचा पहिला रुग्ण आत जाऊन बसला तेव्हा फोन थरथरला. 'तळमजला' नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं. हे नाव गटात बराच काळ होतं, पण कधी एक अक्षर लिहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मीही पाहिलंय. मोरीच्या डाव्या बाजूला हिरवी फरशी आहे, तिचा कोपरा उडालेला आहे."

धाकटीने ते दोनदा वाचलं. आत रुग्ण बटण हातात घेऊन तिच्याकडे बघत होता. तिने यंत्राला हात लावलेला नव्हता, तरी त्याने बटण दाबलं. दिवा लागला आणि ती खुर्चीतून अर्धी उठली.

घरी मोरीच्या डाव्या बाजूला हिरवी फरशी होती. आईवडील गेले त्या वर्षी धाकटीच्या हातून लोखंडी तवा पडला आणि तिचा कोपरा उडाला. ताईने रागावण्याऐवजी तिला जवळ घेतलं होतं, म्हणून तो कोपरा तिच्या पक्का लक्षात होता.

तिने स्वतःशी हिशेब मांडला, कारण हिशेब मांडला की भीती जरा खाली बसते. एक: हिरव्या फरशा काही जगावेगळ्या नाहीत. दोन: कोपरे कुणाच्याही घरात उडतात. तीन: कधीतरी आपणच स्वयंपाकघराचा फोटो गटात टाकला असेल. संध्याकाळपर्यंत तिने तीन वर्षांचं लिखाण मागे जाऊन पाहिलं. फोटो नव्हता. मग चौथं कारण शोधलं आणि त्याने मात्र तिला धीर आला. पोकळ बटण. कुणालातरी आठवायचं होतं, म्हणून आठवलं.

आणि खरंच, एव्हाना गटात बटणांचा पाऊस पडत होता. हो हो, तो ग्लास. खिडकीशी वाळत घातलेला टॉवेल होता ना? आठवलं, ती धाकटी बहीण किती बावळट दाखवली होती. बोक्यानेसुद्धा लिहिलं, "मान गए, घाबरट. मी विसरलोच होतो हा प्रसंग." सात वर्षं हरवलेला भाग एका दुपारी एकोणीस जणांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

रविवारी मतदान झालं. एकोणीसपैकी अठरा बाजूने. एकोणिसावं मत तिचं होतं, आणि कुणी विचारलं तेव्हा तिच्या तोंडून 'हो'च निघालं. मामलेदाराने पाचवा नियम चढवला: पहिल्या आठवड्यात भाडेकरू बसून पाणी पितो आणि ग्लास सुलटा ठेवतो.

सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. तिला फार बरं वाटलं.

४

सोमवारी साडेपाचला कुलूप उघडल्याचा आवाज आला. पर्स खुर्चीवर पडली. पावलं स्वयंपाकघरात गेली. नळ वाहिला, थांबला.

धाकटी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. टक्क व्हायची वेळ आली आणि गेली. तिच्या हातातला सदरा तसाच राहिला. मग खुर्ची सरकली. फरशीवर चार पाय घासत गेल्याचा लांब आवाज.

तिने डोकावलं. ताई खुर्चीवर बसली होती. पाठ ताठ, दोन्ही हातांत ग्लास धरलेला, लहान मूल धरतं तसा. एकेक घोट घेत होती. संपल्यावर तिने ग्लास टेबलावर ठेवला, सुलटा, आणि तो मधोमध येईपर्यंत बोटाने सरकवला.

"काय गं, अशी काय बघतेस?" ताई म्हणाली.

आवाज ताईचाच होता. धाकटीचा कान तयार होता. खालचा सूर, वरचा सूर, शब्दाच्या शेवटी येणारी ती थकलेली हवा, सगळं जागच्या जागी. तिने विचारलं, आज बसून का? ताई म्हणाली, पाय दुखत होते. दिवसभर उभं राहून गठ्ठे मोजले.

कारण चांगलं होतं. इतकं चांगलं की धाकटीने ते दोन दिवस उराशी धरलं. पण मंगळवारी ताई बसून प्यायली. बुधवारीही. बुधवारी धाकटीने धीर करून विचारलं, पाय अजून दुखतात का? ताईने तिच्याकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "कुठले पाय?"

५

आता गटाला चेव आला होता. वहीत नवं पान उघडलं की पोरं कशी रेघोट्या मारत सुटतात, तसं झालं. पाचव्या नियमाला पोटनियम फुटू लागले. तळमजल्याने लिहिलं की भाडेकरू उत्तर देण्याआधी विचारलेला प्रश्न ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणतो. दुसऱ्या कुणी लगेच दुजोरा दिला. गुरुवारी सकाळी धाकटीने ताईला विचारलं, छत्री नेतेस का? ताईचे ओठ हलले. छत्री, नेतेस, का. मग ती म्हणाली, "नको गं, ऊन आहे."

धाकटीने बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबला.

त्या दिवशी वाद मूळ माणसावर आला होता. मूळ माणूस मरत नाही, हे कायद्यात होतंच. मग ते असतं कुठे? बरीच भवति न भवति होऊन ठरलं की असतं घरातच, पण सापडत नाही. त्याला ऐकू येतं, दिसत नाही. मग बोक्याने विचारलं, त्याला भूक लागते का. कुणी म्हणालं, लागू नये, फारच क्रूर होईल. बोक्याने लिहिलं, "अहो, क्रूर आहे म्हणून तर मालिका आहे. नाहीतर पाककृती बघा." पुन्हा हसण्याची चित्रं. तातडीचं मतदान घेतलं. भूक लागते: चौदा. लागत नाही: पाच. धाकटी आवाजबंद खोलीच्या बाहेर बसून आकडे चढताना बघत होती. आपलं मत तिने विरोधात टाकलं होतं. मावशीनेही विरोधात टाकलं आणि वर एक रडका चेहरा.

तेव्हा तिचा बांध फुटला. तिने लिहून टाकलं: मी खोटं बोलले. असा प्रसंग नव्हताच. ती मोरी माझ्या घरची आहे, ती बहीण माझी आहे, हे थांबवा, नियम काढून टाका, माझी ताई कुठेतरी उपाशी आहे.

मग बोक्याने लिहिलं, "व्वा. आता अभिनयही?" कुणीतरी लिहिलं की धाकट्या बहिणीच्या तोंडचं हे वाक्य भागात जसंच्या तसं आहे. दुसऱ्याने लिहिलं, मीही पाहिलंय.

मामलेदाराने मात्र शांतपणे उत्तर दिलं. दोन साक्षींची गोष्ट आहे. साक्ष मागे घेता येत नाही. मागे घेता आली तर कायद्याला अर्थ काय राहिला? फक्त एकच वाट आहे, तिसरा नियम. साक्ष देणाराच भाडेकरू निघाला, तर त्याची साक्ष बाद, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सगळंच बाद.

शुक्रवारी आणि शनिवारी धाकटीने घरातल्या सगळ्या भिंतींना कान लावला. कपाटाच्या पाठीला, पलंगाखालच्या फरशीला, पाण्याच्या टाकीला. तिचे कान रोज कुजबुजीच्याही खालचे आवाज ओळखत. काही नव्हतं. एकदाच, मोरीच्या वरच्या भिंतीत, कुणीतरी कोरडा आवंढा गिळल्यासारखं वाटलं. ते पोकळ बटणही असू शकलं असतं. तिने भिंतीला ओठ लावून म्हटलं, "ताई, मी बघते काहीतरी."

मागे खुर्चीवरून ताईने विचारलं, "कुणाशी बोलतेस?"

६

रविवारी दवाखाना बंद असतो. धाकटीकडे किल्ली होती. घरून बोलण्याची तिची छाती नव्हती, म्हणून पावणेतीनला ती आवाजबंद खोलीत जाऊन बसली, रुग्णाच्या खुर्चीवर, आणि दार ओढून घेतलं. रबर चिकटलं. रस्त्याचा आवाज कापल्यासारखा गेला. आपल्याच रक्ताची सळसळ तेवढी कानात राहिली.

बैठक भरली तेव्हा तिने सांगितलं की आपण भाडेकरू आहोत.

हशा झाला. तिने तो होऊ दिला. मग रात्रभर जागून तयार केलेलं सगळं एकामागून एक मांडलं. एका घरात भाडेकरू एकच, तेव्हा मी असेन तर ताई असूच शकत नाही. भाडेकरूला स्वतःचं ठाऊक नसतं, म्हणून मला आजवर कळलं नाही. मी न पाहिलेला भाग मला आठवला, तो कसा? मी नसलेल्या आवाजाला दचकते. लोक विचारतात कळलं का, मी न समजता मान हलवते. मी सगळ्यांचीच नक्कल करत आले. बोलता बोलता तिला जाणवलं की आपण हे फार चांगलं बोलतो आहोत. कुठे अडखळत नव्हती. जन्मात पहिल्यांदा तिच्या मुद्द्याला कुणी मध्ये तोडत नव्हतं.

बोक्याला मात्र पेच सापडलाच. तो म्हणाला, भाडेकरूची साक्ष चालत नाही, तर मी भाडेकरू आहे ही साक्ष तरी कशी चालेल? सगळे पुन्हा हसले. मामलेदाराने विचार करून निकाल दिला: बोका बरोबर आहे. तिची साक्ष धरता येणार नाही. बाहेरच्या दोन साक्षी हव्यात.

धाकटीने काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे यंत्रापाशी आपली रिकामी खुर्ची होती.

"मी पाहते तिला," एक आवाज म्हणाला. बाईचा. "रोज पाहते. ती भाडेकरू आहे."

मामलेदाराने विचारलं कोण, आणि कुणीतरी सांगितलं, तळमजला. धाकटीने त्या आवाजाचं वय ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आवाजाभोवती खोलीच नव्हती. प्रत्येकाच्या आवाजाला त्याच्या खोलीची थोडी घुमणी चिकटलेली असते, पंखा असतो, भिंत असते. या आवाजाला काहीच चिकटलेलं नव्हतं. धाकटीच्या स्वतःभोवती होतं तसंच, स्पंज लावल्यासारखं.

"दुसरी साक्ष?" मामलेदार म्हणाला.

"मावशी, तुम्ही द्या ना," धाकटी म्हणाली. "तुम्ही नर्स होतात. तुम्हाला माणूस बघून कळतं. द्या ना हो."

मावशीने सुस्कारा टाकला. पोरीला एवढं हवंय तर काय जातं, असं काहीसं ती पुटपुटली. मग स्पष्ट म्हणाली, "बरं. मीही पाहिलंय."

मतदान झालं. एकोणीस विरुद्ध शून्य.

७

ती धावतच घरी आली. तीन जिने चढताना तिने देवाला नव्हे, मामलेदारालाच मनातल्या मनात आळवलं. दार लोटलं.

ताई मोरीशी उभी होती. गाल आत गेलेले, ओठ चिरलेले, सहा दिवसांत सहा महिन्यांचं आजारपण अंगावर आलेलं. डब्यातला शिळा पाव हाताने तोडून ती तोंडात कोंबत होती आणि वर नळाचं पाणी ओंजळीने पीत होती. कपड्यांना भिंतीचा चुना लागला होता. ही ताई होती. हिच्या अंगाला ताईच्या घामाचा वास येत होता. धाकटी चौकटीला धरून हसू लागली.

"तिथेच थांब," ताई म्हणाली.

तिच्या हातात आता सुरी होती. पाव कापायची, बोथट.

"ताई, मी आहे."

"मला सगळं ऐकू येत होतं," ताई म्हणाली. "अंधार होता. हलता येत नव्हतं. पण ते सगळे बोलत होते ते ऐकू येत होतं. मला भूक लागावी की नाही यावर हसत होते ते. मतं मोजत होते ते." तिने तोंडातला पाव गिळला. "आणि आज तुझा आवाज आला. तू स्वतःच्या तोंडाने सांगितलंस तू कोण आहेस ते."

धाकटीने सांगायला सुरुवात केली. की ते तुझ्यासाठी होतं, की ती फक्त युक्ती होती. ताईने मान हलवली. ती म्हणाली, तुला ठाऊक नसतं, तेही मी ऐकलंय.

मग धाकटीने जे जे फक्त त्या दोघींना माहीत होतं ते बाहेर काढलं. आई गेली त्या दिवशी ताईने घातलेल्या झग्याचा रंग. तापात ताईने म्हटलेलं, अर्धंच येणारं गाणं. ताईला मागणी घालायला आलेला तो चष्मेवाला, आणि ताईने त्याला नाही म्हटल्यावर धाकटीला दिलेलं खोटं कारण. ती थांबेना. ताई नजर न हलवता ऐकत होती, एकेक ओळीवर बोट ठेवून पुढे सरकावं तशी.

"सगळं बरोबर," ताई अखेर म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "एक शब्द चुकला नाही. ती असती तर निम्मं विसरली असती."

सुरी खाली पडली. ताई गुडघ्यांवर बसली, त्या कोरड्या, चुन्याने माखलेल्या हातांनी तिने धाकटीचे पाय धरले. म्हणाली, मी तुला काही करणार नाही. तू राहा इथेच, हवं तर. फक्त तिला कुठे ठेवलंयस तेवढं सांग. तिला अंधार सोसत नाही. ती भुकेने रडते गं, लहानपणापासून रडते. सांग ना.

ताई रडते आहे, हे धाकटीने आईवडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. ते थांबायला हवं होतं. दुसरं काहीही चाललं असतं. ताईला फक्त एखादी जागा हवी होती. वर जाईल, तिथे काही नाही हे बघेल, थकून खाली येईल, मग नीट समजावता येईल.

"माळ्यावर," धाकटी म्हणाली.

ताई उठली. पलंगाखालून लाकडी शिडी ओढून तिने भिंतीला टेकवली आणि अंगात त्राण नसताना ती चढली. वरची फळी सरकली. जुन्या पेट्या ओढल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन.

धाकटीने कान दिले. काही नाही. तिने श्वास सोडला.

"अगं बाई," वरून ताईचा आवाज आला, इतका हळुवार की असा तो धाकटीने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "आहेस. आहेस बाळा. मी आलेय. धर, माझा हात धर."

शिडी करकरली. आधी ताईचे पाय खाली आले, एकेक पायरी चाचपत. मग त्यांच्या वर, अंधाऱ्या चौकोनातून, आणखी एक पाऊल बाहेर आलं आणि पायरी शोधू लागलं. सकाळी चपलेने कातडं सोलवटलं म्हणून धाकटीने डाव्या टाचेला पट्टी लावली होती, घाईत, तिरकी. त्या पावलाच्या टाचेलाही पट्टी होती. तिरकी.

ताईने खालच्या पायरीवरून मान न वळवताच मागे हात हलवला, पायात घोटाळणाऱ्या मांजराला हाकलावं तसा.

"तू समोर उभी राहू नकोस," ती म्हणाली. "ती पटकन दचकते."